बॅगेतल्या गोळ्यांचा इतिहास

भारतवारी आटोपून कुवेतला परतलेल्या कुठल्याही मराठी कुटुंबाची बॅग उघडा. गोडा मसाला, मेतकूट, दिवाळी अंक आणि त्यांच्याखाली औषधांची एक पिशवी हमखास निघते. "असू द्या, वेळेला उपयोगी पडतात" म्हणून भरलेल्या त्या पिशवीत डोकेदुखी-अंगदुखीच्या गोळ्याच जास्त. मंडळी, आमच्याही घरी अशी पिशवी होती. माझे बाबा तीन महिने आमच्याकडे सालमियाला राहायला आले, तेव्हा तिने मला चांगलाच धडा शिकवला.

बाबांचे गुडघे दुखत. पुण्याहून आणलेली गोळी ते सकाळी घेत. "इथली जास्त चांगली असते" म्हणून मी फार्मसीतून दुसरी आणली, ती रात्री. पंधरा दिवसांत त्यांचे पाय सुजले. डॉक्टरांनी दोन्ही पाकिटे पाहिली. एकात डायक्लोफिनॅक, दुसऱ्यात आयब्युप्रोफेन. दोन्ही एकाच जातीची औषधे, त्यात बाबांना रक्तदाबाची गोळी चालू. मूत्रपिंडांवर ताण आला होता. गोळ्या बंद केल्यावर सुदैवाने रिपोर्ट सुधारले. चूक माझीच होती. मी पाकिटावरचे मोठे नाव वाचले, खालचे बारीक नाव वाचले नाही.

घरी येताना बाबा म्हणाले, "अरे, आमच्या वेळी ऑफिसच्या दवाखान्यात काहीही दुखलं तरी ए.पी.सी. द्यायचे. कोणी एवढा विचार करत नव्हतं." मला कुतूहल वाटले आणि या ए.पी.सी.चा इतिहास वाचायला घेतला.

ए म्हणजे १८९९ पासून बाजारात असलेली अ‍ॅस्पिरिन, सी म्हणजे कॅफीन. मधला पी म्हणजे फेनासिटिन, हे १८८७ मध्ये जर्मनीत आले. १९१८ च्या फ्लूच्या साथीत स्वीडनमधील हुस्कवार्ना गावच्या कामगारांना फेनासिटिन असलेली पूड मिळाली. साथ संपली, पण तरतरी येते म्हणून कामगार ती रोज घेत राहिले. पुढे गावात मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे दगावू लागली. १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधील डॉक्टरांनीही अशा गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्यांची मूत्रपिंडे बिघडल्याचे नोंदवले. तरीही भारतात फेनासिटिनवर बंदी यायला १९८३ साल उजाडले. अमेरिकेनेही ते त्याच वर्षी बाजारातून काढले. म्हणजे घरगुती म्हणून ओळखली जाणारी ही गोळी जवळजवळ शंभर वर्षे विकली गेली.

फेनासिटिनचे शरीरात पॅरासिटामॉल होते आणि वेदना मुख्यतः तेच कमी करते, हे न्यूयॉर्कच्या ब्रॉडी आणि अ‍ॅक्सेलरॉड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस दाखवले. १९५६ मध्ये पॅरासिटामॉल 'पॅनाडॉल' नावाने ब्रिटनमध्ये आले. आपण सगळे इथे तेच घेतो. बेताने घेतले तर ते चांगले औषध आहे, पण जास्त घेतल्यास यकृत निकामी होऊ शकते, हे १९६६ पासून माहीत आहे. मोठ्या माणसाने २४ तासांत ४ ग्रॅमची, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची मर्यादा ओलांडू नये. आता गंमत पाहा. सर्दीची गोळी, डोकेदुखीची गोळी, तापाची गोळी, अशा तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते. आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत फाइलची नावे तीन, आतला मजकूर एकच!

अलीकडची उदाहरणेही आहेत. हृदयविकाराचा धोका दिसल्याने व्हायॉक्स २००४ मध्ये जगभरातून मागे घेतले गेले. निमेसुलाइड भारतात १२ वर्षांखालील मुलांसाठी २०११ मध्ये बंद झाले. तोवर कितीतरी घरांत तापाला ते सर्रास दिले जाई.

गोळ्यांना घाबरा, असे मला म्हणायचे नाही. दुखणे अंगावर काढण्यात शहाणपण नाही. पण चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून औषध निर्धोक ठरत नाही. यंदा सुट्टीवरून आल्यावर पिशवी एकदा टेबलावर रिकामी करा. प्रत्येक पाकिटावरचे औषधाचे मूळ नाव वहीत लिहा. एकच नाव दोनदा आले तर थांबा. घरात रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेले कोणी असेल, तर ती वही डॉक्टरांना दाखवा.

बाबा आता पुण्यात भिंग घेऊन प्रत्येक पाकीट वाचतात आणि मला फोनवर विचारतात, "तू वाचलंस का?"