विरजण ज्याचं त्याचं

हृदयाची झडप बदललेल्या बायका आपल्या गटांतही असतात. रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची आणि ‘आयएनआर’ तपासायला तालुक्याला जायचं. दोन लॅबचे आकडे जुळले नाहीत, तर खरं कुणाचं? त्यासाठी थोडं मागं जाऊ, तेही गोठ्यात.

1933 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला एक शेतकरी बर्फाच्या वादळातून विद्यापीठात पोचला. गाडीत मेलेली कालवड, बुरसलेला चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये रक्त. ते गोठतच नव्हतं. कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेनं त्या चाऱ्यातलं द्रव्य 1939 मध्ये वेगळं काढलं. त्याच्यावरूनच पुढं वॉरफरिन झालं. आधी उंदीर मारायला, मग माणसाला औषध म्हणून. दचकू नका, सगळं प्रमाणावर असतं.

पण प्रमाण मोजायचं कसं? आर्मंड क्विक यांनी 1935 मध्येच चाचणी दिली होती. रक्तातल्या पातळ भागात मेंदूपासून केलेली पावडर आणि कॅल्शियम घालायचं, गोठायला किती सेकंद लागतात ते बघायचं. गोम इथंच होती. ही पावडर म्हणजे विरजणच! दूध तेच, पण एकीचं दही लवकर लागतं, दुसरीचं उशिरा. अमेरिकेतली सशाच्या मेंदूची पावडर पातळ झालेलं रक्तही लवकर गोठवायची. ब्रिटनमध्ये माणसाच्या मेंदूची पावडर होती, ती पातळपणा नीट दाखवायची. ठरलेला आकडा गाठायला अमेरिकेतले डॉक्टर गोळी वाढवत, आणि तिथल्या रुग्णांना रक्तस्राव जास्त होई. त्यांच्या रक्तात काही वेगळं नव्हतं.

मँचेस्टरच्या लिऑन पोलर यांनी ब्रिटनमधल्या लॅबना एकसारखी पावडर पुरवायला सुरुवात केली. मग 1983 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आयएनआर स्वीकारला. पावडरीच्या प्रत्येक घाण्याची तुलना एका प्रमाण पावडरीशी करून त्याला आकडा द्यायचा. त्या आकड्यानं हिशेब केला, की एका लॅबचे 1.6 पट आणि दुसरीचे 2.5 पट जवळजवळ एकच निघतात.

तरी यंत्रायंत्रांत थोडा फरक राहतोच. 2.4 आणि 2.7 बघून घाबरू नये. 2.4 आणि 4 आले, तर गोळी आपल्या मनानं कमी-जास्त न करता दोन्ही कागद डॉक्टरांपुढं ठेवावेत. शक्यतो लॅब एकच धरावी. आणि पावडरीचा नवा घाणा आला, की लॅबनं यंत्रात त्याचा आकडाही नवा भरायचा असतो. तो भरलाय का, हे आपण खुशाल विचारावं.