फुप्फुस पुनर्वसन
फुप्फुस पुनर्वसन ही दीर्घकालीन अवरोधक फुप्फुसरोग (सीओपीडी) व तत्सम विकारांवरील, मुख्यतः भौतिकोपचारावर (फिजिओथेरपी) आधारलेली उपचारपद्धती आहे. विडी-सिगारेटचा धूर हे सीओपीडीचे प्रमुख कारण होय. भारतात चुलीच्या धुरामुळे धूम्रपान न करणाऱ्या स्त्रियांनाही हा रोग जडतो.

नष्ट झालेले वायुकोश पुनर्वसनाने परत येत नाहीत आणि श्वसनमापन चाचणीतील आकडेही फारसे बदलत नाहीत. तरीही रुग्णाची दमछाक कमी होते. धाप लागण्याच्या भीतीने रुग्ण हालचाल टाळतो, त्यामुळे पायांचे स्नायू दुबळे होतात आणि थोड्या श्रमानेही अधिक धाप लागते. चालणे व स्नायूंचे व्यायाम हे चक्र मोडतात. कार्यक्रम साधारणपणे ६ ते १२ आठवड्यांचा असतो. ६ मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो, यावरून प्रगती मोजतात.

शीळ घालताना आवळावेत तसे ओठ आवळून सावकाश उच्छ्वास करण्यास शिकवले जाते. त्यामुळे श्वासनलिकांतील दाब टिकतो, त्या अकाली मिटत नाहीत व अडकलेली हवा बाहेर पडते.

धूम्रपान सोडल्यास फुप्फुसक्षमतेच्या घसरणीचा वेग मंदावतो, असे फ्लेचर व पेटो यांनी १९७७ साली दाखवून दिले. व्यायाम थांबवल्यास मात्र पुनर्वसनाचा लाभ हळूहळू ओसरतो.