होरायझन प्रकरण : तांत्रिक अपयशाची मांडणी आणि ब्रिटिश शासनाचा प्रतिसाद

प्रस्तावना :
शासकीय तंत्रज्ञान प्रकल्प फसला, एवढ्याने पुढील धोरण ठरत नाही. फसले ते यंत्र, कंत्राट की माणूस, याविषयी समाजात जी समजूत रुजते तिच्यावर उपाय अवलंबून असतो. ब्रिटनमधील ‘होरायझन’ या संगणक प्रणालीचा इतिहास या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

१९९६ मध्ये सामाजिक लाभाची रक्कम टपाल कार्यालयांतून कार्डाद्वारे देण्यासाठी आयसीएल कंपनीशी करार झाला. १९९९ मध्ये कार्डाची योजना रद्द झाली. प्रश्न मुख्यतः विलंबाचा व खर्चाचा मानला गेला आणि उरलेली प्रणाली टपाल कार्यालयांच्या हिशेबासाठी स्वीकारली गेली.

यंत्र खरे, माणूस खोटा :
प्रणालीने दाखविलेली तूट सब-पोस्टमास्तरांच्या माथी मारली जाऊ लागली. हे बहुधा छोटे दुकानदार. अनेक जण दक्षिण आशियाई वंशाचे. पोस्ट ऑफिस ही शासकीय मालकीची कंपनी स्वतःच फिर्यादी, स्वतःच तपासणी करणारी आणि स्वतःच खटला चालविणारी होती. त्यात कायद्याची भर पडली. १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याच्या कलम ६९ नुसार संगणकीय नोंद पुराव्यात आणताना संगणक नीट चालत होता हे दाखवावे लागे. १९९९ च्या कायद्याने ते कलम रद्द केले. संगणक बरोबर आहे असे गृहीत धरले जाऊ लागले. सदोषता सिद्ध करण्याचा भार आरोपीवर आला, आणि त्यासाठी लागणारी कागदपत्रे मात्र प्रतिपक्षाच्या कपाटात! नऊशेहून अधिक व्यक्ती दोषी ठरल्या.

२००९ मध्ये ‘कॉम्प्युटर वीकली’ने सात जणांच्या हकिकती छापल्या, पण त्या तांत्रिक वर्तुळापुरत्या राहिल्या. ५५५ जणांच्या दाव्यात डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने प्रणालीतील दोष मान्य केले. तरीही २०२४ च्या आरंभापर्यंत शंभरही शिक्षा रद्द झाल्या नव्हत्या. जानेवारी २०२४ मध्ये आयटीव्ही वाहिनीवर चार भागांची नाट्यमालिका दाखविली गेली. ‘संगणकातील त्रुटी’ हा विषय ‘निरपराधांवरील अन्याय’ झाला. १० जानेवारीला पंतप्रधान सुनक यांनी कायद्याची घोषणा केली. २४ मे रोजी तो संमतही झाला. न्यायालयांनी दिलेल्या शिक्षा संसदेने सरसकट रद्द करणे ही असाधारण गोष्ट होय.

तथापि अन्यायाच्या या मांडणीत माणसे सुटली, गृहीतक सुटले नाही. संगणकीय पुराव्याच्या नियमाचा फेरविचार या कायद्यात नव्हता. त्याविषयी न्याय मंत्रालयाने मते मागविली ती जानेवारी २०२५ मध्ये.