वढूचे दोन कवी आणि वाचायची रीत

आजचा विषय साहित्याचा आहे, आणि तो इतिहासाच्या मालिकेत कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. कविता, नाटक, कादंबरी कशी वाचायची, तिच्यावर कसं लिहायचं, हे मराठीच्या तासाला शिकवतात. इतिहासाला त्याचं काय? याचं उत्तर शोधायला आपण वढू बुद्रुकला जाऊ.

शिरूर तालुक्यातलं, भीमेच्या काठचं, कोरेगाव भीमाच्या जवळचं हे गाव. ११ मार्च १६८९ रोजी, फाल्गुन अमावास्येला, औरंगजेबाने संभाजी महाराजांना ठार मारलं. शेजारचं तुळापूर आणि हे वढू, दोन्ही नावं त्या मृत्यूशी जोडलेली आहेत. वढूला महाराजांची समाधी आहे, आणि कवी कलशाचीही. लोक इथे बलिदानाच्या आठवणीने येतात, आणि ते योग्यच आहे. पण आज या जागेकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू. इथे दोन कवींची स्मारकं आहेत. दोघेही काव्यशास्त्र शिकलेले. आणि त्यांतल्या एकाची प्रतिमा पुढची दोन-अडीचशे वर्षं कशी घडली, हा बराचसा वाचनाचा प्रश्न आहे. नीट वाचलं की नाही, याचा.

आधी महाराजांच्या ग्रंथांकडे जाऊ. ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने तो १९२६ साली ह. दा. वेलणकरांच्या संपादनाखाली छापला. त्याचे तीन अध्याय आहेत. पहिल्यात देवतास्तुती, आजोबा-वडिलांची प्रशस्ती, अन्योक्ती वगैरे. दुसरा मुख्यतः राजनीतीचा. आता गंमत अशी, की या राजनीतीतला पुष्कळ भाग जुन्या ग्रंथांतून निवडून एकत्र केलेला आहे. त्या काळच्या सुभाषितसंग्रहांची ती रीतच होती. आज फोनवर एखादा श्लोक ‘महाराजांचा विचार’ म्हणून फिरतो, तेव्हा तो त्यांनी रचला की निवडला, हे आधी पाहायला हवं. निवडला असेल तर त्याचं मोल कमी होत नाही. मात्र त्यावर लिहायचा प्रश्न बदलतो: हाच श्लोक का निवडला, शेजारी काय ठेवलं, काय गाळलं?

दुसरीकडे ब्रज भाषेतल्या रचना आहेत. ‘नायिकाभेद’, ‘नखशिख’ आणि ‘सातसतक’ हे ग्रंथ त्यांच्या नावावर आहेत. यातली पहिली दोन नावं ऐकून आजचा वाचक बिचकतो. राजा, आणि नायिकांचे प्रकार लिहीत बसला? नखापासून शिखेपर्यंत स्त्रीवर्णन? मग बखरीत म्हटलंय ते खरंच असणार! इथेच थांबायचं. नायिकाभेद हा काव्यशास्त्रातला पाठ आहे. त्याचं मूळ नाट्यशास्त्रापर्यंत जातं. स्वकीया, परकीया, मग अवस्थेप्रमाणे वासकसज्जा, खंडिता, अभिसारिका असे आठ प्रकार. भानुदत्ताची ‘रसमंजरी’ त्यासाठीच वाचली जायची. ओरछाच्या केशवदासाने १५९१ मध्ये ‘रसिकप्रिया’ आणि १६०१ मध्ये ‘कविप्रिया’ लिहिली, आणि उत्तरेतल्या दरबारांत या ग्रंथांवर कवी तयार व्हायचे. ज्याला सुसंस्कृत म्हणवून घ्यायचं त्याला ही रीत यावीच लागे. म्हणून तर त्या काव्याला रीतिकाव्य म्हणतात.

खंडिता म्हणजे रात्र दुसरीकडे काढून आलेल्या प्रियकराला जाब विचारणारी नायिका. तिच्यावर छंद लिहिणाऱ्या कवीच्या घरी काय चाललं होतं, हे त्या छंदावरून कळत नाही. आगगाडीचं गणित सोडवणारा मुलगा काही प्रवासाला निघालेला नसतो. पण मग सगळं संकेतच, कवीचं स्वतःचं काही नाही, असंही नाही. संकेत ठरलेला असतो, त्याच्या आत कवी काय निवडतो ते ठरलेलं नसतं. कुठला शब्द, कुठली उपमा, नायिकेला बोलकं केलं की गप्प ठेवलं, हे त्याचं. समीक्षेचं काम तिथून सुरू होतं. संकेत माहीत नसेल तर ते सुरूच करता येत नाही.

आणखी एक जवळचं उदाहरण घेऊ, भूषण कवीच्या ‘शिवराजभूषण’चं. ते वीररसाचं काव्य म्हणून आपण भाषणांत ऐकतो. पण १६७३ चा हा ग्रंथ रचनेने अलंकारांचं पाठ्यपुस्तक आहे! दोह्यात अलंकाराचं लक्षण, पुढे उदाहरण, आणि उदाहरणांचा नायक शिवाजी महाराज. आता एखादा छंद जर अतिशयोक्तीचं उदाहरण म्हणूनच लिहिला असेल, तर त्यावरून सैन्याची शिरगणती करायची का? करणारे करतात. शाळेत मात्र याच्या अगदी उलट होतं. ‘रसग्रहण करा’ म्हटलं की मुलं अलंकाराचं नाव लिहितात, ‘कवीने सुंदर वर्णन केले आहे’ लिहितात आणि गुण घेऊन मोकळी होतात. नाव सांगणं ही पहिली पायरी झाली. तो अलंकार तिथे काय करतो, तो काढला तर कवितेचं काय बिघडतं, हे लिहिलं तर रसग्रहण.

कवी कलश याच परंपरेतून, उत्तरेतून आला. ‘छंदोगामात्य’ हा त्याचा किताब. परप्रांतीय, कवी आणि राजाचा विश्वासू: या तीन गोष्टींनी दरबारात त्याचे वैरी पुष्कळ झाले. पुढे लिहिणाऱ्यांनी त्याच्यावर सगळा दोष ठेवला. मात्र तो शेवटपर्यंत धन्याबरोबर राहिला आणि त्याच्याबरोबरच मेला.

लिहिणाऱ्यांमध्ये सगळ्यात प्रभावी ठरली मल्हार रामराव चिटणिसांची बखर. ती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे वढूच्या घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेली. चिटणिसांचे पूर्वज बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांनी १६८१ मध्ये मृत्युदंड दिला होता. एवढ्यावरून बखर खोटी ठरत नाही. पण लेखक कोण, कधी लिहितोय, त्याच्या घरात कुठली आठवण सांगितली जात असेल, हे ठाऊक नसताना ती वाचणं धोक्याचं. शिवाय बखर हा गद्य कथनाचा प्रकार आहे. त्यात संवाद येतात, प्रसंग रंगतात. दोन माणसं बंद खोलीत काय बोलली हे बखरकार तपशिलाने सांगतो, तेव्हा ते त्याला कुणी सांगितलं, हे विचारावं.

या बखरींवर नाटकं उभी राहिली. राम गणेश गडकऱ्यांचं ‘राजसंन्यास’ त्यांतलं सगळ्यात गाजलेलं. जानेवारी १९१९ मध्ये गडकरी गेले तेव्हा ते अपुरं होतं. जानेवारी २०१७ मध्ये, पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा अर्धपुतळा याच नाटकावरच्या रागातून उखडून मुठेत टाकण्यात आला. वाचनाची रीत किती महागात पडू शकते, ते यातून दिसतं. वादात शिवाजी महाराजांना कमी लेखणारी काही वाक्यं फिरत होती. ती नाटकात जिवाजी कलमदाने या पात्राच्या तोंडी आहेत. कलमदाने म्हणजे लेखणीबहाद्दर, स्वार्थी, हास्यास्पद माणूस. त्याची वाक्यं गडकऱ्यांचं मत म्हणून वाचणं म्हणजे शकुनीची वाक्यं व्यासांची मानणं.

पण आम्हांला इथेच थांबून ‘लोकांना नाटक कळलं नाही’ असं म्हणून हात झटकायचे नाहीत. ‘राजसंन्यास’मध्ये तुळशीच्या मोहात गुरफटलेला संभाजी आहे, ती कुणा पात्राची बडबड नव्हे, ती नाटकाची रचनाच आहे. ती बखरीच्या वळणावर आधारलेली आहे आणि तिच्यावर टीका व्हायला हवी, झालीही. फरक एवढाच, की टीकेने संहितेतली जागा दाखवावी लागते. पुतळा उखडणाऱ्याला तेवढं काम पडत नाही.

पुढे वा. सी. बेंद्र्यांचं चरित्र १९६० साली आलं. आयुष्यभर कागद गोळा करून त्यांनी जुनी प्रतिमा तपासली. वढूच्या समाधीकडे अभ्यासकांचं लक्ष वेधण्याचं श्रेयही त्यांना दिलं जातं. कमल गोखल्यांचं ‘शिवपुत्र संभाजी’ १९७१ चं. या दोन पुस्तकांच्या आगेमागे रंगभूमीही बदलली. वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मध्ये (१९६२) बापलेकांमधला ताण आहे, तर ‘इथे ओशाळला मृत्यू’मध्ये (१९६८) औरंगजेबासमोर उभा राहिलेला राजा. मग १९७९ मध्ये शिवाजी सावंतांची ‘छावा’, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावरचा हिंदी चित्रपट, ज्यातलं लेझीमचं दृश्य प्रदर्शनाआधीच आक्षेपांमुळे काढावं लागलं.

इथे एक अडचण आहे, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. बदनाम करणारं साहित्य वाचताना आपण सावध असतो. गौरव करणारं वाचताना तेवढे नसतो. ‘छावा’ वाचून रडलेला वाचक तिच्यातला संवाद पुरावा म्हणून सांगतो, तेव्हा तो बखर वाचणाऱ्याहून वेगळं काही करत नसतो. सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये पात्रं आपापली कथा स्वतः सांगतात, ‘छावा’त निवेदक सांगतो, आणि त्याचा सूर भक्तीचा आहे. कादंबरीला तो हक्क आहे. वाचकाने मात्र तो सूर ऐकायला हवा. ऐतिहासिक कादंबरीवर मराठीत कसं लिहावं याचा नमुना हवा असेल तर नरहर कुरुंदकरांनी रणजित देसाईंना लिहिलेलं, ‘श्रीमान योगी’ला प्रस्तावना म्हणून जोडलेलं दीर्घ पत्र वाचा. स्तुतीचा एकही पाट न काढता, लेखकापुढे इतिहासाचे प्रश्न कोणते आणि कादंबरीचे कोणते, हे ते वेगवेगळं मांडतात.

पुढच्या व्याख्यानाआधी एक काम देतो. संगमेश्वरला १ फेब्रुवारी १६८९ रोजी झालेली अटक आणि पुढचे चाळीसएक दिवस, एवढाच काळ घ्या. तो बेंद्र्यांच्या चरित्रात वाचा, कानेटकरांच्या नाटकात वाचा, ‘छावा’त वाचा. कवी कलशाला प्रत्येक ठिकाणी किती जागा मिळाली, तो किती बोलतो, त्याच्या कवी असण्याचा उपयोग लेखकाने कुठे केला आणि कुठे विसरला, यावर दोन पानं लिहा. प्रत्येक विधानाशेजारी पान क्रमांक टाका. ‘सुंदर’ आणि ‘प्रभावी’ हे दोन शब्द वापरू नका. त्यांच्याविना लिहायला बसलात की किती वेळ लागतो ते बघा.