बेळगाव (अधिवेशनस्थळ)

महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोवा यांच्या सांध्यावरचे, कर्नाटकातले शहर. २०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी. राजकीय अधिवेशने, साहित्य संमेलने आणि परिषदा येथे शंभराहून अधिक वर्षे भरत आल्या आहेत. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे. अक्षांशाने ते उष्ण कटिबंधात मोडते, पण येथील उन्हाळा सोलापूर-विजापूरसारखा भाजून काढत नाही आणि डिसेंबरात पहाटे स्वेटर लागतो. जून ते सप्टेंबर सह्याद्रीचा पाऊस असतो, तेव्हा मंडपाचा विचारही कोणी करत नाही. भाताची सुगी उरकली की जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत हवा कोरडी, जमीन टणक आणि माणसे मोकळी असतात. मोठ्या मेळाव्यांचा हंगाम हाच.

राजकीय परिषदांची परंपरा टिळकांच्या काळापासूनची. होमरूल लीगची स्थापना टिळकांनी २८ एप्रिल १९१६ रोजी येथेच केली. लगोलग भरलेल्या मुंबई प्रांतिक परिषदेला गांधीजीही हजर होते. टिळकांचे सहकारी गंगाधरराव देशपांडे हे जवळच्या हुदलीचे. पुढे काँग्रेसचे अधिवेशन बेळगावला झाले, त्याच्या व्यवस्थेचा भार त्यांनीच उचलला.

काँग्रेसचे ३९वे अधिवेशन २६ आणि २७ डिसेंबर १९२४ रोजी भरले. गांधीजी अध्यक्ष असलेले हे एकमेव अधिवेशन. एरवी त्याची चर्चा सूतकताईच्या ठरावापुरती होते. प्रस्तुत नोंदीचा विषय त्याचा हिशेब आहे. आजच्या टिळकवाडीत तेव्हा मोकळी जागा होती. तेथे तात्पुरते नगर वसवून त्याला विजयनगर नाव दिले आणि प्रवेशद्वाराला हंपीच्या धर्तीचे गोपूर उभारले. एवढ्या माणसांना पाणी पुरणार नाही म्हणून नवी विहीर खणली व तिला पंपा सरोवर म्हटले. विहिरीचा खर्च ४,३७० रुपये ३ आणे असा नोंदलेला आढळतो. सभेचा मोठा तंबू सर्कस कंपनीकडून ५,००० रुपये भाड्याने आणला होता, आणि आगीच्या भीतीने त्याच्या विम्यावर आणखी ५०० रुपये गेले. सगळे आवरल्यावर स्वागत समितीकडे ७७३ रुपये शिल्लक राहिल्याचे सांगतात. मंडपवाल्याचे शेवटचे बिल अंदाजपत्रकात क्वचितच बसते, हे ज्यांनी घरचे एखादे लग्न काढले आहे त्यांना ठाऊक आहे. त्या मानाने ही शिल्लक थोडी नव्हे.

तरी गांधीजींचे समाधान झाले नाही. त्यांच्यासाठी बांबू आणि खादीची कुटी बांधली होती, तिला ३५० रुपये लागले. झोपडी मिळेल असे वाटले होते, हा तर खादीचा महालच निघाला, अशा अर्थाची तक्रार त्यांनी ‘यंग इंडिया’त केली. प्रतिनिधी शुल्क १० रुपयांवरून १ रुपयावर आणावे, असाही त्यांचा आग्रह होता. स्वच्छतेच्या व्यवस्थेची मात्र त्यांनी मोकळेपणी वाखाणणी केली. मैला उचलण्याचे आणि चर बुजवण्याचे काम काकासाहेब कालेलकरांच्या देखरेखीखाली स्वयंसेवकांनी केले, त्यांत ब्राह्मण तरुणही बरेच होते. स्वयंसेवक दल ना. सु. हर्डीकरांच्या शिस्तीतले होते. या श्रमांची मजुरी लावली असती तर ७७३ रुपयांची शिल्लक दिसली नसती. बेळगावच्या स्वस्ताईचा मोठा भाग असा वहीबाहेरचा आहे.

स्वस्ताईचे दुसरे कारण रेल्वे. पुण्याहून मिरजमार्गे येणारी मीटरगेज गाडी थेट बेळगावात पोचत असे आणि हुबळी-धारवाडचे लोक उलट दिशेने येत. मुंबईकरांना पुण्यात गाडी बदलावी लागे, इतकाच त्रास.

मराठी साहित्य संमेलन येथे १९२९ मध्ये शि. म. परांजपे यांच्या आणि १९४६ मध्ये ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली झाले. दुसरे संमेलन मे महिन्यात भरले, ते येथील सौम्य उन्हाळ्यामुळेच जमले. संयुक्त महाराष्ट्राची मागणी करणारा त्यातला ठराव साहित्यापेक्षा राजकारणालाच अधिक पुरला, आणि तेव्हापासून बेळगावात संमेलन भरवणे हे निव्वळ साहित्यिक काम उरले नाही. येथे स्थळ निवडणाऱ्याला भाड्यासोबत परवानगी, फलकाची भाषा आणि पोलीस बंदोबस्त हेही हिशेबात धरावे लागतात.

मार्च २०११ मध्ये विश्व कन्नड संमेलन भरले. ११ ऑक्टोबर २०१२ रोजी हलगा-बस्तवाडजवळच्या सुवर्ण विधानसौधाचे उद्घाटन झाले आणि कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन तेथे नेमाने होऊ लागले. त्याच सुमारास, बेळगाव महाराष्ट्रात यावे अशी मागणी करणारी महाराष्ट्र एकीकरण समिती आपला महामेळावा जाहीर करते, म्हणजे त्या दिवसांत शहरावर दुहेरी ताण असतो. आमदार आणि अधिकाऱ्यांसाठी लॉज, हॉटेले आणि अतिथिगृहे आधीच अडकतात. लग्नाचे वऱ्हाड उतरवायलाही खोली सापडत नाही. बंदोबस्तावरच्या पोलिसांसाठी अलीकडे तंबूंची वसाहत उभारावी लागली. कायमची इमारत वर्षातले थोडेच दिवस वापरात येते, आणि राहण्याची सोय मात्र दरवर्षी नव्याने करावी लागते. गोव्याशी तुलना याच मुद्द्यावर होते. तेथे खोल्या भरपूर, पण डिसेंबरात दर चढलेले; येथे पर्यटनाचा दर नाही, पण खोल्याच मोजक्या. सांबऱ्याच्या विमानतळावर २०१७ पासून नवे टर्मिनल आहे. परदेशी पाहुण्यांना गोव्याला उतरून चोर्ला घाटानेही येता येते.

खर्चाचा सर्वांत सोपा नमुना शहरात नाही, खेड्यांत आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा आणि निपाणीकडचे कारदगा या गावांत थंडीच्या दिवसांत एखाद्या रविवारी मराठी साहित्य संमेलन होते. सकाळी ग्रंथदिंडी, त्यापुढे लेझीम, डोक्यावर कळशी घेतलेल्या मुली. मग शाळेच्या पटांगणात उद्घाटन, परिसंवाद, दुपारी आल्यागेल्याला जेवण, संध्याकाळी कविसंमेलन किंवा कथाकथन. मुक्काम नसल्यामुळे खोल्यांचा प्रश्नच येत नाही. वर्गणी गावची, वाढपी गावचे.

निपाणीचे उदाहरण वेगळ्या जातीचे आहे, पण गावांच्या भाकरीवर चाललेला तोही मेळावाच, म्हणून ते वगळता येत नाही. १४ मार्च १९८१ पासून तंबाखू उत्पादक शेतकरी शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. हजारोंच्या संख्येने लोक तेथेच राहिले, तेथेच निजले. आसपासच्या गावांतून त्यांना भाकरी येत राहिली. ६ एप्रिलला पोलिसांच्या गोळीबारात १२ शेतकरी मारले गेले आणि रस्ता मोकळा करण्यात आला.

१९२४ च्या अधिवेशनाची शताब्दी डिसेंबर २०२४ मध्ये याच शहरात सुरू झाली. २६ तारखेच्या रात्री माजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांचे निधन झाल्याने दुसऱ्या दिवशीची जाहीर सभा रद्द झाली. ती २१ जानेवारी २०२५ रोजी घेण्यात आली.