ऊस, कोयता आणि इंधन : सुरत जिल्ह्यातील ऊसपट्ट्याचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट आपल्या देशाने 2025 मध्ये गाठले. 2013-14 साली हे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते. या यशाचे समर्थन साधारणपणे तीन मुद्द्यांवर केले जाते. खनिज तेलाच्या आयातीवरील परकीय चलन वाचते, साखर कारखान्यांकडे पैसा खेळता राहिल्याने शेतकऱ्याला उसाचे पैसे वेळेवर मिळतात, आणि वाहनांच्या धुराचा त्रास काही अंशी कमी होतो. या तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. परंतु पिकापासून इंधन तयार होते तेव्हा त्या पिकामागची जमीन, पाणी आणि श्रम यांचाही हिशेब मांडावा लागतो. तो सहसा मांडला जात नाही.

प्रस्तुत लेखात सुरत जिल्ह्यातील ऊसपट्ट्याच्या इतिहासाच्या आधारे हा हिशेब मांडण्याचा प्रयत्न केला आहे. आजच्या इंधन-पिकाची सामाजिक किंमत इथेनॉलमुळे नव्याने निर्माण झालेली नाही. ती साखरेच्या काळापासून साचत आली आहे. इथेनॉलच्या धोरणाने त्या जुन्या व्यवस्थेला कायमची मागणी मिळवून दिली. म्हणून या धोरणाची परीक्षा कारखान्याच्या दारात न करता उसाच्या फडात करावी लागते.

दूरच्या बाजारासाठी पीक

दूरच्या बाजाराची गरज भागवण्यासाठी पीक घेणे सुरतेला नवीन नाही. मोगल काळात हे पश्चिम किनाऱ्यावरील प्रमुख बंदर होते. हजला जाणारे यात्रेकरू येथूनच जहाजात बसत आणि मुल्ला अब्दुल गफूर यांच्यासारख्या बोहरा व्यापाऱ्यांची जहाजे तांबड्या समुद्रापर्यंत जात. इंग्रजांची वखार येथे 1613 मध्ये स्थापन झाली. कापडाबरोबरच गुजरातची नीळ ही त्यांच्या खरेदीतील महत्त्वाची जिन्नस होती. पुढे वेस्ट इंडीजमधील मळ्यांची नीळ युरोपच्या बाजारात आली आणि गुजरातच्या निळीची मागणी ओसरली.

कापसाची कथाही अशीच आहे. एकोणिसाव्या शतकात लँकेशायरच्या गिरण्यांत हिंदुस्थानच्या आखूड धाग्याच्या कापसाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे 1861 नंतर या कापसाचे भाव कडाडले आणि 1865 मध्ये युद्ध संपताच कोसळले. भाव चढले तेव्हा नफा अनेकांनी वाटून घेतला, पण भाव पडले तेव्हा कर्जाचा बोजा कुळांवर राहिला. पिकाची मागणी दूर कोठेतरी ठरते आणि तिचा धोका मात्र स्थानिक कष्टकऱ्याच्या वाट्याला येतो, हा धडा या इतिहासातून मिळतो.

बारडोली, कालवे आणि ऊस

1928 चा बारडोली सत्याग्रह आपण सर्वजण शिकवतो. वल्लभभाई पटेल यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या या लढ्यात अब्बास तय्यबजी आणि इमामसाहेब अब्दुल कादर बावझीर यांचाही सहभाग होता. हा लढा शेतसाऱ्याच्या वाढीविरुद्ध होता, म्हणजे मुख्यतः जमीनधारकांचा होता. त्याच तालुक्यात जमीनदाराच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या राबणारे ‘हाळी’ होते. ते बहुतांशी दुबळा, म्हणजे आजच्या हळपती समाजाचे. लग्नासाठी घेतलेले कर्ज कधी फिटत नसे आणि नवराबायको दोघेही मालकाच्या दारी बांधले जात. साऱ्याच्या प्रश्नात या भूमिहीनांचा प्रश्न मागे राहिला.

स्वातंत्र्यानंतर तापी नदीवर काकरापार येथे बंधारा झाला आणि 1950 च्या दशकात कालव्याचे पाणी शेतात आले. 1972 मध्ये उकाई धरण पूर्ण झाल्यावर बारमाही सिंचनाची खात्री झाली. ज्वारी, तूर आणि कापूस पिकवणारी काळी जमीन ऊस व भाताकडे वळली. 1955 मध्ये स्थापन झालेल्या बारडोलीच्या सहकारी साखर कारखान्यापाठोपाठ मढी, चलथाण, सायण, कामरेज, महुवा, गणदेवी अशी कारखान्यांची साखळी दक्षिण गुजरातेत उभी राहिली. सहकाराने येथील मध्यम शेतकऱ्याला सावकाराच्या तावडीतून सोडवले आणि गावोगावी शाळा, रस्ते व दवाखाने आणले, हे मान्य केलेच पाहिजे.

मात्र ज्या पाण्यावर हा ऊस उभा राहिला, त्याची किंमत दुसऱ्यांनी मोजली. उकाईच्या जलाशयात शंभरावर गावे गेली. विस्थापितांत बहुसंख्य आदिवासी होते. त्यांना मिळालेली पर्यायी जमीन अनेक ठिकाणी हलक्या प्रतीची होती आणि धरणाचे पाणी तिच्यापर्यंत पोहोचत नव्हते. परिणामी यांपैकी अनेक कुटुंबे, आपल्याच बुडालेल्या शिवारावरून वाहत गेलेल्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडण्यासाठी, दर हंगामात बारडोलीकडे जाऊ लागली. विकासाच्या विषम वाटणीचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे.

कोयत्याची व्यवस्था

कारखाने सुरू झाल्यावर तोडणीसाठी मजूर हवे होते. स्थानिक हळपती मजूर गावातच उपलब्ध असताना कारखान्यांनी ते बाहेरून आणले. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर, साक्री, तळोदा, अक्कलकुवा या भागांतून, तसेच डांगमधून भिल्ल, मावची, कोकणा अशा समाजांची कुटुंबे येऊ लागली. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातेत 1960 च्या दशकापासून जे दीर्घ संशोधन केले, त्यात यामागचे कारण स्पष्ट केले आहे. परक्या मुलखातील मजूर एकाकी असतो, रात्रीअपरात्री कामावर बोलावता येतो आणि हंगाम संपला की त्याची जबाबदारी उरत नाही. उलट स्थानिक भूमिहीनांना कामासाठी वीटभट्ट्यांवर आणि मिठागरांवर जावे लागले. एका भागाचे मजूर बाहेर जातात आणि दुसऱ्या भागाचे आत येतात. दोघांचीही सौदाशक्ती त्यामुळे क्षीण होते.

या व्यवस्थेत मजुराचे एकक ‘कोयता’ आहे. कोयता म्हणजे नवरा, बायको आणि बहुधा एखादे मूल. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट काढून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. मजुरी या जोडीला मिळून दिली जाते, त्यामुळे बाईच्या श्रमाची स्वतंत्र नोंदच होत नाही. पावसाळ्यात घरी काम नसते. तेव्हा मुकादम उचल देतो आणि दिवाळीच्या सुमारास ट्रकमधून टोळी घेऊन जातो. पडावावर प्लास्टिकच्या कागदाखाली मुक्काम होतो. हंगामभर केवळ धान्य व थोडी खावटी मिळते. खरा हिशेब उन्हाळ्यात, उचल आणि तिच्यावरील व्याज वजा करून होतो. सहा महिन्यांच्या श्रमानंतर अनेकांच्या हाती अल्प रक्कम पडते, काहींच्या माथी पुढील वर्षाचे कर्ज राहते. हाळी प्रथा कायद्याने संपली, पण कर्जाने माणसाला कामाशी बांधण्याची रीत नव्या रूपात टिकली.

साखरेकडून इंधनाकडे

मळीपासून इंधन तयार करण्याची कल्पना जुनी आहे. 1948 मध्येच केंद्राने पॉवर अल्कोहोल उद्योगासाठी कायदा केला होता. 2001 मध्ये महाराष्ट्रात मिरज व मनमाड येथे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले. 2003 मध्ये काही राज्यांत 5 टक्के मिश्रणाची योजना आली. त्याच काळात पडीक जमिनीवर जट्रोफा, म्हणजे मोगली एरंड, लावून डिझेल मिळवण्याच्या योजनांचा गाजावाजा झाला. अपेक्षित उत्पादन न आल्याने ती योजना बारगळली. ज्या जमिनीला कागदावर ‘पडीक’ म्हटले होते, ती अनेक ठिकाणी गरिबांची चराऊ जमीन होती.

2018 पर्यंत भारतातील इथेनॉल प्रामुख्याने साखर काढून उरलेल्या मळीपासून बनत होते. त्या वर्षीच्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने आणि त्यानंतरच्या दरनिश्चितीने साखरेचा अंश अधिक असलेली ‘बी हेवी’ मळी व थेट उसाचा रस यांपासूनही इथेनॉल काढण्यास उत्तेजन दिले. हा बदल मूलभूत होता. तोपर्यंत इंधन हे साखरेच्या मागून येणारे दुय्यम उत्पादन होते. आता ऊस हेच इंधनाचे पीक बनले. जून 2022 मध्ये 10 टक्के मिश्रण साध्य झाले. डिसेंबर 2023 मध्ये मात्र साखरेच्या टंचाईच्या भीतीने सरकारला उसाच्या रसाच्या वापरावर निर्बंध घालावे लागले. ते ऑगस्ट 2024 मध्ये उठवले गेले. दरम्यान इथेनॉलसाठी मक्याची मागणी वाढली आणि मका निर्यात करणाऱ्या आपल्या देशाला 2024 मध्ये तो आयात करावा लागला. कोंबडीपालन करणाऱ्या लहान व्यावसायिकांना खाद्याच्या भाववाढीची झळ बसली.

एका लिटरचा हिशेब

2021 मध्ये नीती आयोगाने प्रसिद्ध केलेल्या आराखड्यातच म्हटले आहे की, उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यासाठी सुमारे 2,860 लिटर पाणी लागते. एक टन उसापासून सुमारे 70 लिटर इथेनॉल मिळते. म्हणजे एक टन उसामागे सुमारे दोन लाख लिटर पाणी खर्च होते. उकाई-काकरापारच्या क्षेत्रात पाण्याच्या अतिवापराने जमिनी पाणथळ व खारपट होण्याचा प्रश्न अनेक दशकांचा आहे, आणि कालव्याच्या शेवटच्या टोकाचा शेतकरी पाण्यासाठी ताटकळतो.

आता श्रमाचा हिशेब पाहू. गुजरात सरकारने 2023 मध्ये ऊसतोडणीचा किमान दर टनाला 238 रुपयांवरून 476 रुपये केला. मजूर संघटनांच्या दीर्घ प्रयत्नांचे ते फळ होते. 70 लिटरने भागल्यास नव्या दराने एका लिटरमागे तोडणीची मजुरी 6 रुपये 80 पैसे येते, आणि जुन्या दराने केवळ 3 रुपये 40 पैसे. उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला 2022-23 साठी सरकारने ठरवलेला भाव लिटरला 65 रुपये 61 पैसे होता. मजुरीची ही रक्कमही एका माणसाची नाही, ती संपूर्ण कोयत्याची आहे. तिच्यातून मुकादमाची उचल व व्याज वजा व्हायचे असते. इथेनॉलचा भाव सरकार ठरवते, उसाचा दर ठरवण्यासाठी सभा होतात. पण दर मिळतो की नाही, हे पाहणारी यंत्रणा पडावावर क्वचितच पोहोचते.

जगाचा अनुभव

ब्राझीलने 1975 मध्ये ‘प्रोअल्कूल’ हा कार्यक्रम सुरू केला. तेथेही तेलाची आयात घटली, तर दुसरीकडे लहान शेतकरी विस्थापित होऊन हंगामी ऊसतोड मजुरांची फौज उभी राहिली. 2007 मध्ये मक्याच्या भाववाढीने मेक्सिकोत लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचे अन्नहक्कविषयक विशेष प्रतिवेदक झाँ झिग्लर यांनी अन्नपिकांपासून इंधन बनवण्यावर पाच वर्षे बंदी घालण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही. पण गाडीची टाकी आणि गरिबाचे ताट एकाच शेताशी जोडले गेले आहेत, ही बाब तेव्हा जगासमोर आली.

समारोप

या विवेचनाचा अर्थ इथेनॉल बंद करावे असा नाही. खनिज तेलाचीही सामाजिक व पर्यावरणीय किंमत मोठी आहे, आणि उसाचा शेतकरी आपला शत्रू नाही. आग्रह एवढाच आहे की, इंधनाला ‘हरित’ म्हणण्यापूर्वी काही अटी पूर्ण व्हाव्यात. किमान मजुरी दर पंधरवड्याला थेट मजुराच्या आणि बाईच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावी. पडावावर पाणी, निवारा व मुलांसाठी हंगामी शाळा असावी. इथेनॉलच्या भावात तोडणी मजुराचा वाटा स्पष्ट नोंदवला जावा. पाणी मोजून दिले जावे, आणि मळीपासूनच्या इंधनाला रसापासूनच्या इंधनापेक्षा अग्रक्रम मिळावा.

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही पैगंबरसाहेबांची शिकवण आपल्या घराघरांत सांगितली जाते. सहा महिने मजुरी अडवून ठेवणारी पद्धत या कसोटीवर उतरत नाही. मग कारखाना सहकारी असो वा खाजगी, आणि त्यातून साखर निघो वा इंधन.

अध्यापक म्हणून आपल्यापुढे एक सोपे काम आहे. सुरत, नवापूर, धुळे या पट्ट्यातील महाविद्यालयांत ज्यांचे आईवडील कोयत्यावर गेले असे विद्यार्थी आज पहिल्या पिढीने शिकत आहेत. बारडोलीचा धडा शिकवताना 1928 वर थांबू नये. उकाई, साखर कारखाने आणि पडाव येथपर्यंत तो न्यावा. विद्यार्थ्यांकडून उचल, मुक्काम, मजुरी आणि शाळा सुटल्याची वर्षे यांच्या नोंदी करून घ्याव्यात. सरकारी अहवालात लिटर आणि टक्के आहेत. माणसांची नोंद तेथे कमी आहे, आणि ती करण्याचे सामर्थ्य आपल्या वर्गखोल्यांत आहे.