कुऱ्हाडीचे कसब आणि कागदाचा दाखला

१/ पेठ, सुरगाणा, कळवणच्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या साग तोडणाऱ्या हातांना त्यांच्या कसबाचा दाखला का मिळाला नाही? आज यंत्रकरवत चालवणाऱ्याच्या प्रमाणपत्राची चर्चा होते, तिचे मूळ १८७८ मध्ये सापडते. #थ्रेड

२/ त्या एकाच वर्षी भारतीय वन कायदा झाला आणि डेहराडूनला वनविद्यालय निघाले. कायद्याने राखीव जंगलातली कुऱ्हाड सरकारी परवानगीच्या अधीन केली. विद्यालयाने तिच्यावर देखरेख करणारे अधिकारी घडवले. शिक्षण पाहणाऱ्याला मिळाले, तोडणाऱ्याला नाही.

३/ वास्तविक वृक्षतोड हे जोखमीचे कौशल्य आहे. झाडाचा कल ओळखायचा, पडण्याच्या बाजूस खाच घ्यायची, मग मागून काप द्यायचा आणि मधली थोडी लाकूडपट्टी राखायची. ती पट्टीच झाडाला दिशा देते. अंदाज चुकला तर खोड उभे चिरते, माणूसही दगावतो. हे सारे जाणणारा दप्तरी मात्र 'मजूर'च राहिला.

४/ कूप लिलावात घेणारा ठेकेदार आणि त्याच्या हाताखालचा आदिवासी, हे नाते पिळवणुकीचे होते. १९३० च्या दशकाअखेर सिमिंग्टन यांच्या अहवालाने ते सरकारपुढे मांडले.

५/ १९४७ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या कारकिर्दीत मुंबई प्रांतात जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या. ठेकेदाराला वगळून कूप थेट कामगारांच्या संस्थेला मिळू लागले. पाऊल मोठे होते. तरीही सभासदत्व म्हणजे कौशल्याची पावती नव्हे.

६/ पुढे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आला, १९६४ मध्ये ओझरला विमान कारखाना उभा राहिला. आयटीआयमुळे फिटर, टर्नर यांचे कसब कागदावर आले. त्याच जिल्ह्यातला जंगल कामगार या चौकटीच्या कडेलाच राहिला.

७/ आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९८ मध्ये वनकामातील सुरक्षेची संहिता प्रसिद्ध केली. यंत्रकरवतीसारख्या धोक्याच्या कामासाठी कौशल्य प्रमाणपत्र असावे, हा तिचा आग्रह आहे. भारतात २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेने अनुभवातून आलेले कौशल्य तपासून प्रमाणित करण्याची सोय केली.

८/ या सोयीचा खरा कस जंगलातच लागेल. परीक्षा केवळ लेखी ठेवली, तर ज्याला झाडाचा कल नजरेने कळतो तोच नापास ठरेल आणि १८७८ ची विभागणी नव्या नावाने चालू राहील. परीक्षा कूपात, झाडाखाली आणि त्याच्या बोलीत घेतली, तरच तो दप्तरात 'मजूर' न राहता कारागीर म्हणून नोंदला जाईल.